आज ग्रंथालय शिकत आहे



प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर प्रथम हाती येतो, तेव्हा शिक्षक तुम्हाला एक गोष्ट बजावून सांगतात. मापन सुरू करण्यापूर्वी दोन्ही जबडे मिटवा आणि शून्यासमोर शून्य येते की नाही ते पाहा. येत नसेल, तर जेवढा फरक दिसेल तेवढी त्या उपकरणाची शून्य त्रुटी. ती हिशेबात घेतली नाही, तर मापन कितीही काळजीपूर्वक केले तरी उत्तर चुकणारच. गंमत अशी की, ही त्रुटी उपकरणाच्या खोक्यावर छापलेली नसते. ज्याने ते उपकरण हाताळले आहे, त्यालाच ती ठाऊक असते.

आता प्रयोगशाळेतून जरा ग्रंथालयात चला. तुम्हाला शाळेच्या प्रकल्पासाठी ‘धूमकेतू’ या विषयावर माहिती हवी आहे. पूर्वी ग्रंथपाल तालिकापत्रांचा खण उघडत, वर्गांक पाहत आणि तुम्हाला नेमक्या कपाटापाशी नेऊन उभे करीत. आज त्याच टेबलावर संगणक आहे. तुम्ही शब्द टाकता आणि क्षणार्धात हजारो उत्तरे समोर येतात. पण या नव्या उपकरणाची शून्य त्रुटी किती? ती कोणी तपासली आहे? ग्रंथपालांनी ती तपासलेली असावी, अशी आपली अपेक्षा असते. परंतु ती तपासायला त्यांना वेळ कधी दिला, हे मात्र आपण विचारीत नाही.

या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे: ग्रंथालयातील सेवकांना नवी अवजारे हाताळून पाहण्यासाठी त्यांच्या कामाच्या वेळेतच वेळ मिळाला पाहिजे. आणि तो मिळावा म्हणून वाचकांनी, म्हणजे तुम्हीसुद्धा, थोडी गैरसोय सोसली पाहिजे.

तेवीस गोष्टींचा खेळ

हे कसे करता येते, याचा एक चांगला धडा अमेरिकेत २००६ साली घडला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचे शहर आहे. त्या शहराच्या आणि भोवतालच्या मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या अनेक शाखा आहेत. हेलेन ब्लोअर्स या तेव्हा तेथील तंत्रज्ञान विभागाचे काम पाहत होत्या.

त्या काळी इंटरनेटचे रूप पालटत होते. तोपर्यंत लोक त्यावरचे नुसते वाचत. आता स्वतः लिहू लागले, आपली छायाचित्रे आणि चलत्‌चित्रे तेथे ठेवू लागले. ग्रंथालयात येणारी तरुण मुले या नव्या सोयींविषयी बोलत. सेवकांनी मात्र त्यांची नावे फार तर कानांनी ऐकली होती. हात कोणी लावला नव्हता.

त्याच वर्षी स्टीफन एब्रम या ग्रंथालय-तज्ज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. ग्रंथालयातील माणसांनी वर्षभरात करून पाहाव्यात अशा ४३ गोष्टींची यादी त्यात होती. त्यावरून ब्लोअर्सबाईंनी २३ गोष्टींचा एक अभ्यासक्रम आखला. ऑगस्टमध्ये तो सुरू झाला आणि ऑक्टोबरअखेर संपला. त्यात वर्ग नव्हते, व्याख्याने नव्हती आणि परीक्षाही नव्हती. प्रत्येकाने आपापल्या गतीने एकेक गोष्ट करून पाहायची, काय जमले आणि कोठे अडले ते इंटरनेटवरच्या आपल्या रोजनिशीत लिहायचे, आणि अडल्यास शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारायचे, एवढाच नियम. तेवीस गोष्टी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र बक्षीस म्हणून मिळायचे.

सुरुवातीच्या धड्यांत कोणतेही अवजार नव्हते, हे विशेष. जन्मभर शिकत राहणाऱ्या माणसाच्या साडेसात सवयी त्यात सांगितल्या होत्या. सात सवयी तर झाल्या. पण ही अर्धी सवय कोणती? ती होती ‘खेळणे’! पन्नाशीच्या ग्रंथपालांना कोणी ‘कामावर असताना जरा खेळा’ असे सांगावे, हे ऐकायला चमत्कारिक वाटते खरे. पण लहान मूल नव्या खेळण्याची कळ दाबून, फिरवून, उलटी करून पाहते. मोडेल म्हणून भीत नाही. नवे अवजार शिकण्याची याहून चांगली रीत अजून सापडलेली नाही.

हा अभ्यासक्रम कोणीही उचलावा आणि आपल्या सोयीप्रमाणे बदलावा, अशी मुभा त्याबरोबरच दिलेली होती. त्यामुळे तो पाहता पाहता पसरला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या परिसरातील यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो त्याच वर्षी घेतला. पुढे नेदरलँड्समधील ग्रंथालयांनी तो डच भाषेत नेला, आणि अशा रीतीने देशोदेशीचे ग्रंथालय-सेवक तेवीस गोष्टी शिकू लागले.

हाताळल्याने काय कळते?

पोहण्यावरचे पुस्तक पाठ करून कोणाला पोहता येत नाही, हे तुम्ही जाणताच. तरीही अवजार हाताळण्याने ग्रंथपालांच्या ज्ञानात नेमकी कोणती भर पडते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण खुणेच्या शब्दांचे. पुस्तक हा स्थायू पदार्थ आहे. तो एका वेळी एकच जागा व्यापतो. ‘पक्ष्यांच्या उड्डाणाचे भौतिकशास्त्र’ असे एखादे पुस्तक असेल, तर ते प्राणिशास्त्राच्या कपाटात ठेवायचे की भौतिकशास्त्राच्या? कोठे तरी एकाच ठिकाणी ठेवावे लागते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते ही अडचण शिस्तीने सोडवण्यासाठीच. संगणकावरील छायाचित्राला मात्र जागेचे बंधन नाही. त्याला ‘पक्षी’, ‘उड्डाण’, ‘घार’, ‘हवेचा दाब’ असे हवे तेवढे खुणेचे शब्द चिकटवता येतात आणि ते प्रत्येक शब्दाखाली सापडते. तेवीस गोष्टींतील एक गोष्ट अशी चित्रे चढवून त्यांना खुणा लावण्याची होती. हे स्वतः केलेल्या माणसाला त्याचा फायदा कळतो आणि तोटाही कळतो: एकाने ‘घार’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘शिकारी पक्षी’ लिहिले, की दोन्ही चित्रे एकमेकांपासून दुरावली!

दुसरे उदाहरण विकिपीडियाचे. तेथील मजकूर कोणालाही बदलता येतो, हे तुम्ही ऐकले असेल. म्हणून काही जण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात आणि काही जण त्याला शिवतसुद्धा नाहीत. ज्याने तेथे स्वतः एखादी दुरुस्ती केली आहे, तो यांपैकी काहीच करीत नाही. प्रत्येक पानाला एक ‘इतिहास’ जोडलेला असतो आणि कोणता शब्द केव्हा बदलला याची त्यात नोंद असते, हे त्याने पाहिलेले असते. तो तुम्हाला सांगेल, ‘आधी इतिहास उघड. हे वाक्य कालच घुसडलेले दिसते. त्याला खाली आधार दिला आहे का, ते बघ.’ हीच त्या उपकरणाची शून्य त्रुटी पाहण्याची रीत.

मराठी वाचकाची अडचण

हे सगळे परदेशात ठीक, पण आपल्याकडे त्याचे काय, असे तुम्ही विचाराल. उलट आपल्याकडेच ते अधिक गरजेचे आहे.

जुनी मराठी पुस्तके शोधण्याचेच पाहा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या योजनेत हजारो जुन्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे घेतली गेली, आणि त्यांतील पुष्कळशी आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण तेथे अनेक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत नोंदलेली आहेत, आणि तीही निरनिराळ्या लेखनाने. देवनागरीत नाव टाकले की ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते. पुस्तक असते, पण ते आपल्या हाकेला ओ देत नाही.

शिवाय आपले शुद्धलेखनही बदलले आहे. १९६२ सालच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे छापलेले असे. संगणकाला ‘काही’ आणि ‘कांहीं’ एकच, हे आपोआप कळत नाही. त्याला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तेव्हा जुन्या मजकुरात शोध घेताना जुनेच लेखन टाकावे लागते. ही युक्ती परदेशातल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात तुम्हाला मिळणार नाही. ज्या मराठी ग्रंथपालाने चार संध्याकाळी संगणकापुढे बसून निरनिराळ्या तऱ्हेने शोधून पाहिले असेल, त्यालाच ती सापडेल.

मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही आहे. पण किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? ज्याच्या घरी शिकलेली माणसे आहेत, संगणक आहे, त्याला कोणी ना कोणी सांगते. ज्याच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्याला सांगणारे माणूस एकच, ते म्हणजे शाळेचे किंवा गावाचे ग्रंथपाल. त्यांना ठाऊक नसेल, तर त्या मुलापुरती ही सारी भांडारे असून नसल्यासारखीच.

न लिहिलेली पुस्तके

अलीकडे आणखी एक अवजार आले आहे. प्रश्न विचारला की माणसासारखे अस्खलित उत्तर लिहून देणारे यंत्र. ते तुम्ही पाहिले असेल, कदाचित वापरलेही असेल. हे यंत्र, ढोबळपणे सांगायचे तर, अफाट मजकूर वाचून ‘या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक’ याचा अंदाज बांधत पुढे जाते. त्यामुळे त्याला पुस्तकांची यादी मागितली, तर ते कधी कधी अशीही पुस्तके सांगते की जी कोणी लिहिलेलीच नाहीत! नाव पटण्याजोगे असते, लेखकही ओळखीचा असतो. नसते ते फक्त पुस्तक.

याने काय अनर्थ होतो, पाहा. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांच्या कागदपत्रांत अशा यंत्राकडून घेतलेले जुन्या खटल्यांचे दाखले न्यायालयापुढे गेले. ते खटले कधी चाललेच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड ठोठावला. वकिलांची ही गत, तर नववीतल्या मुलाचे काय?

ग्रंथपालांना मात्र याचा उतारा ठाऊक असू शकतो. जगभरच्या हजारो ग्रंथालयांची एकत्रित तालिका ‘वर्ल्डकॅट’ या नावाने इंटरनेटवर आहे. तेथे पुस्तकाचे नाव ताडून पाहता येते. आजकालच्या बहुतेक शोधनिबंधांना ‘डीओआय’ नावाचा एक कायमचा क्रमांक असतो. तो टाकला की तोच निबंध उघडला पाहिजे. दुसरेच काही उघडले किंवा काहीच उघडले नाही, तर दाखल्यावर शंका घ्यावी. एवढी तपासणी दोन मिनिटांत होते. पण ती सुचण्यासाठी त्या यंत्राने आपल्याला एकदा तरी फसवलेले असले पाहिजे. आणि फसायचेच, तर ग्रंथपालांनी शिकताना, निवांत तासात फसावे. वाचक समोर ताटकळत उभा असताना नव्हे.

तीन शंका

पहिली शंका अशी: ही अवजारे आज आहेत, उद्या नाहीत, मग ती शिकण्यात अर्थ काय? शंका रास्त आहे. शार्लटच्या यादीतील कित्येक सोयी आज अस्तित्वात नाहीत. निरनिराळ्या संकेतस्थळांवरील नवा मजकूर एका जागी गोळा करून देणारे गुगल रीडर त्या काळी लोकप्रिय होते. तेही २०१३ साली बंद पडले. पण तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते लॉगॅरिदमचे तक्ते वापरत. ते तक्ते गणकयंत्राने मागे टाकले. ज्यांना ते वापरता येत, त्यांची अंदाज घेण्याची सवय मात्र टिकली. अवजार जाते, पण अवजार शिकण्याची सवय हातात राहते. तेवीस गोष्टींतील खरी कमाई तीच होती.

दुसरी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आलीच असेल: ‘आम्हाला तर हे सगळे ग्रंथपालांपेक्षा जास्त येते!’ बोटे तुमची चपळ आहेत, हे कबूल. पण तुम्ही चाल आणि वेग यांतला फरक शिकला आहात ना? चालीला दिशा नसते. दिशा जोडली की वेग होतो. तुमच्यापाशी चाल आहे. कोठे शोधावे, कशावर विश्वास ठेवावा आणि कोठे थांबावे, ही दिशा अनुभवी ग्रंथपालांकडे असते. त्यांनी नवी अवजारे शिकली, की दोन्हींचा मेळ बसेल.

तिसरी शंका वेळेची, आणि ती सर्वांत बिकट. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावोगावची शासनमान्य ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार मिळणाऱ्या अनुदानावर चालतात. लहान ग्रंथालयात बहुधा एकच माणूस असतो. तोच कुलूप उघडतो, वृत्तपत्रे मांडतो, देवघेव पाहतो, वर्गणी गोळा करतो, आणि हे सारे तुटपुंज्या वेतनावर. शाळेत ग्रंथपाल असतील, तर शिक्षक गैरहजर असले की त्यांनाच वर्गावर पाठवतात. मग वर्षातून एखादे शिबिर होते. दीपप्रज्वलन, हारतुरे, भाषणे, चहा आणि प्रमाणपत्र. संगणकाला हात लावायची वेळ येईपर्यंत एसटीची वेळ झालेली असते! आणि नंतर ‘आमचे ग्रंथपाल मागे पडले’ असे म्हणायला आपण मोकळे.

यावर उपाय महागडा नाही. आठवड्यातून एक तास देवघेव बंद ठेवावी आणि त्या तासात सेवकांनी एक नवी गोष्ट करून पाहावी. दारावर पाटी लावावी: ‘आज ११ ते १२ ग्रंथालय शिकत आहे.’

वाचकांचा तास बुडतो, हे खरे. पण हिशेब करून पाहू. आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाला सुमारे ५० तास. समजा, त्या शिक्षणामुळे रोज केवळ १० वाचकांची प्रत्येकी १० मिनिटे वाचली. म्हणजे रोज १०० मिनिटे. ग्रंथालय वर्षातून २७० दिवस उघडे असेल, तर २७,००० मिनिटे, म्हणजे ४५० तास झाले. ५० तास घातले आणि ४५० तास मिळाले! आकडे मी मानलेले आहेत. तुमच्या ग्रंथालयाचे आकडे घेऊन गणित तुम्हीच पुन्हा मांडा.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांना हे गणित पटले असते. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि हे शास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. तेथील एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. थोड्याच पट्ट्या आणि स्क्रू निरनिराळ्या तऱ्हेने जोडून कितीतरी आकृती होतात, हे पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली. ती १९३३ साली ‘कोलन वर्गीकरण’ म्हणून प्रसिद्ध झाली. पाहिलेत, येथेही खेळच कामी आला! ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम त्यांनी १९३१ साली मांडले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे आणि पाचवा ग्रंथालयाला वाढत्या जिवाची उपमा देणारा आहे. पाचवा पाळला नाही, तर चौथाही पाळला जाणार नाही, असे मला वाटते. जे ग्रंथालय वाढायचे थांबते, ते वाचकाचा वेळ खाऊ लागते.

तुम्ही काय कराल?

तुमच्याकडूनही काही अपेक्षा आहे. ग्रंथालयात गेलात की ‘प्रकल्पाचे काही तरी द्या’ असे म्हणू नका. पूर्ण प्रश्न विचारा: धूमकेतूचे शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला का असते, हे मला समजून घ्यायचे आहे. उत्तर मिळाल्यावर ‘हे तुम्ही कसे शोधलेत?’ असेही विचारा; म्हणजे पुढल्या वेळी निम्मे काम तुम्हालाच येईल. तुम्हाला एखादी नवी सोय ठाऊक असेल, तर ग्रंथपालांना ती आदराने दाखवा आणि त्यांच्याबरोबर बसून तिची शून्य त्रुटी शोधा. शाळेत विज्ञान मंडळ असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून ग्रंथपालांसाठी आठवड्याचा एक तास मागून घ्या.

आणि एखाद्या दिवशी ग्रंथालयाचे दार तासाभरासाठी बंद दिसले, आत ग्रंथपाल संगणकापुढे काही तरी खटपट करीत बसलेले दिसले, तर कडी वाजवू नका. तास संपेपर्यंत बाहेर थांबा. आत तुमच्याचसाठी अभ्यास चालला आहे.